ऑफिसच्या चोरवाटा कशा शोधायच्या: छोट्या ऑफिसवाल्यांसाठी स्टेप बाय स्टेप

मी मस्जिद बंदरला एका सीएचए ऑफिसात काम करते, म्हणजे कस्टम क्लिअरिंग, बिल ऑफ एन्ट्री (आलेल्या मालाचा कस्टमचा फॉर्म) भरणं, डॉकेट (एका मालाच्या सगळ्या कागदांची फाईल) लावणं, पार्टीच्या मागे लागून ड्युटी भरून घेणं. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. २०२३ च्या गणपतीत ऑफिस दोन दिवस बंद होतं, गुरुवारी सकाळी दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही कामावर आलो तर सर्व्हरवरची एकही फाईल उघडेना, प्रत्येक फाईलच्या नावाला मागे कसलंतरी शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर चिठ्ठी, पैसे भरा नाहीतर डेटा विसरा. टॅली गेलं, चार वर्षांचे स्कॅन केलेले डॉकेट गेले, आणि बॅकअपची हार्ड डिस्क कायम त्याच मशीनला लावलेली असायची म्हणून तीही गेली. वाचला तो फक्त अकाउंट्सच्या काकांनी पेनड्राईव्हवर घरी नेलेला टॅलीचा बॅकअप, तोही ४० दिवस जुना. त्या ४० दिवसांच्या एन्ट्र्या आम्ही तिघांनी रात्री बसून परत मारल्या.

अँटिव्हायरस होता हो आमच्याकडे, पैसे भरून घेतलेला. तरी झालं. कारण नंतर कळलं ते असं, की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून आमच्या कॉम्प्युटरवाल्याने राउटरमध्ये एक वाट उघडून दिली होती, बाहेरून थेट सर्व्हरचा डेस्कटॉप दिसायचा. लॉकडाऊन संपलं, आम्ही सगळे ऑफिसला यायला लागलो, ती वाट तशीच राहिली आणि तीन वर्षं कुणालाच आठवली नाही.

म्हणून हा लेख. कुठला अँटिव्हायरस घ्यावा, कुठला फायरवॉल चांगला, हे इथे मिळणार नाही. आपल्या ऑफिसात बाहेरून शिरायच्या किती वाटा आहेत ते मोजायचं कसं, आणि नको त्या बंद करायच्या कशा, एवढंच आहे. माझ्या भावाचा मित्र नेटवर्किंगमध्ये आहे, त्याने मला हे तीन शनिवार बसून शिकवलं, मी ते तुमच्यासाठी माझ्या भाषेत लिहितेय.

आधी एक शब्द: अटॅक सरफेस

सायबरवाले लोक हा शब्द सारखा वापरतात. हिरकणीची गोष्ट आठवा. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, पहारे लागले, पण तान्ह्या बाळासाठी ती बाई कड्यावरून उतरून घरी गेली, आणि महाराजांना कळल्यावर त्यांनी त्या जागी बुरूज बांधला असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्रीपर्यंत गडावरच्या कुणीही तो कडा येण्याजाण्याची वाट म्हणून धरलाच नव्हता. अटॅक सरफेस म्हणजे महादरवाजा पण आला, चोरदिंडी पण आली आणि असे सगळे कडे पण आले. जिथून जिथून कुणी आत येऊ शकतं, डेटा बाहेर नेऊ शकतं, त्या सगळ्या जागांची बेरीज. आणि त्यातल्या ज्या जागेवरून तो प्रत्यक्षात आला, त्याला अटॅक व्हेक्टर म्हणतात. आमच्या केसमध्ये व्हेक्टर होता रिमोट डेस्कटॉप, म्हणजे बाहेरून सर्व्हरचा डेस्कटॉप दाखवणारी ती लॉकडाऊनमधली वाट.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक वही. एक्सेल नको, कारण कॉम्प्युटरच बंद पडला तर एक्सेल कुठून उघडणार.
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. माहीत नसेल तर केबलवाल्याकडून किंवा ब्रॉडबँड कंपनीकडून मागून घ्या, तुमचा हक्क आहे.
- ब्रॉडबँडचं शेवटचं बिल, त्यावर स्टॅटिक आयपी (ऑफिसचा न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) घेतलाय का ते कळतं.
- गेल्या तीन वर्षांत ऑफिस सोडून गेलेल्यांची नावं.
- मोबाईल डेटा असलेला एक फोन.
- डोमेन (वेबसाईटचं आणि मेलचं नाव) आणि ईमेल कुणाच्या नावावर घेतलंय त्याची पावती.
- चिकटवायची लेबलं आणि मार्कर.
- शेठची परवानगी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी.

परवानगीचं नीट ऐका. हे सगळं फक्त आपल्याच ऑफिसच्या वस्तूंवर करायचं. शेजारच्या गाळ्याचं वायफाय, पार्टीची वेबसाईट, बिल्डिंगचे कॅमेरे, कशालाच हात लावायचा नाही. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलं तर आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि ते लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मी फक्त बघत होतो" हे उत्तर चालत नाही.

स्टेप १: प्लग असलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहा

मी सुरू केलं तेव्हा मला विचारलं असतं तर मी सात म्हटलं असतं. पाच कॉम्प्युटर, एक सर्व्हर, एक प्रिंटर. मोजल्यावर निघाल्या १९. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा म्हणजे डीव्हीआर, बोटाच्या ठशाची हजेरीची मशीन, शेठच्या केबिनमधला टीव्ही, माळ्यावर ठेवलेला पण चालू असलेला जुना राउटर, वायफायचा रिपीटर, दुसरा प्रिंटर जो स्वतःचं वायफाय सोडतो, आणि लोकांचे फोन.

कसं करायचं: दारापासून सुरू करा, भिंतीच्या कडेकडेने चाला, जी वस्तू लाईटच्या किंवा लॅनच्या वायरला जोडलेली दिसेल तिच्यावर नंबरचं लेबल लावा आणि वहीत लिहा, काय आहे, कुणी बसवली, पासवर्ड कुणाकडे. मग राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिन पासवर्ड टाकून उघडतं ते) जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते ती उघडा आणि वहीशी जुळवा. यादीत आहे आणि वहीत नाही असं काही निघालं की थांबायचं, ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्याकडे एक असं निघालं जे दोन दिवस कुणालाच ओळखू येईना, शेवटी तो हजेरीच्या मशीनवाल्याने टेबलाखाली बसवून ठेवलेला छोटा बॉक्स निघाला.

स्टेप २: बाहेर उभं राहून आपलं ऑफिस बघा

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची, चहा घेऊन बसा.

इंटरनेटवर तुमच्या ऑफिसला एक पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. त्या पत्त्याला दरवाजांचे नंबर असतात त्यांना पोर्ट म्हणतात. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, विंडोजच्या फाईल शेअरिंगचा ४४५, वेबसाईटचे ८० आणि ४४३. लोकांना वाटतं आपल्या एवढ्याशा ऑफिसला कोण शोधत येणार, मलाही वाटायचं. पण कुणी तुमचं नाव घेऊन शोधतच नाही. आयपीव्ही४ चे सगळे मिळून साधारण ४३० कोटी पत्ते आहेत, आणि २०१३ मध्येच मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल करून दाखवलं की एका साध्या मशीनवरून, चांगली लाईन असेल तर, एका पोर्टसाठी सगळं इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत चाचपता येतं. म्हणजे मशीदला चढून लोकलने ठाण्याला उतरेपर्यंत जगातला प्रत्येक दरवाजा ठोठावून झाला. शोडान नावाचं सर्च इंजिन तर २००९ पासून हेच करून ठेवतंय, कुठल्या पत्त्यावर काय उघडं आहे त्याची यादी तयार मिळते.

आता तुमचं बघा.

पहिलं, ऑफिसच्या वायफायवरून गुगलमध्ये "व्हॉट इज माय आयपी" असं इंग्रजीत टाका, येईल तो नंबर वहीत लिहा. मग राउटरच्या पानावर वॅन आयपी म्हणून नंबर असतो तो बघा. दोन्ही सारखे असतील तर तुमचा पत्ता बाहेरून थेट दिसतो. वेगळे असतील, आणि राउटरवरचा १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या कशाने सुरू होत असेल, तर केबलवाल्याने एकाच पत्त्यामागे अनेक गिऱ्हाईकं बसवलीत, मुंबईत हे खूप आहे. तेव्हा बाहेरून सरळ आत येणं अवघड असतं, पण निर्धास्त राहू नका, कारण आयपीव्ही६ चालू असेल तर प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो, आणि तिथे राउटरचा फायरवॉल चालू आहे की नाही ते वेगळं बघावं लागतं.

दुसरं, फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर या आणि ब्राउझरमध्ये ऑफिसचा तो आयपी टाका. डीव्हीआरचं किंवा राउटरचं लॉगिनचं पान आलं तर ते सगळ्या जगाला दिसतंय. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि समोर फोनवर आमच्या कॅमेऱ्याचं लॉगिन पान, पोटात गोळा आला.

तिसरं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर नावाचं पान शोधा. तिथे असलेली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी मुद्दाम उघडलेली वाट. आमच्याकडे चार ओळी होत्या, एक रिमोट डेस्कटॉपची, दोन डीव्हीआरच्या, आणि एक अशा मशीनची जी २०१९ मध्ये भंगारात गेली. प्रत्येक ओळीचा स्क्रीनशॉट काढा, कुणाला लागते विचारा, उत्तर मिळालं नाही तर बंद करा. एकावेळी एकच बंद करा आणि एक दिवस थांबा, म्हणजे काही अडलं तर कशामुळे ते कळतं.

चौथं, त्याच राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की आतली कुठलीही वस्तू राउटरला सांगून स्वतःसाठी वाट उघडून घेऊ शकते, तुम्हाला न विचारता. आणि बाहेरून राउटरचं पान उघडता येण्याची सोय, रिमोट मॅनेजमेंट, तीही बंद.

रिमोट डेस्कटॉपबद्दल खास सांगते. ३३८९ चा नंबर बदलून दुसरा ठेवला की सुरक्षित, असं आम्हालाही सांगितलं होतं. तसं काही नसतं, सगळेच पोर्ट चाचपणारे असतात. आमच्या सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही), सिक्युरिटीच्या लॉगमध्ये, ४६२५ नंबरच्या ओळी हजारोंनी होत्या, ४६२५ म्हणजे चुकलेलं लॉगिन. कित्येक दिवस कुणीतरी पासवर्ड घालून घालून बघत होतं. मग सुट्टीच्या रात्री दोनच्या सुमारास एक ४६२४, म्हणजे जमलेलं लॉगिन. आमचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असा होता. घरून काम लागतच असेल तर आधी व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा बंद, खाजगी बोगदा), त्यावर दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्ड आणि वर ओटीपी), मग आत रिमोट डेस्कटॉप. आणि व्हीपीएनचा बॉक्स पण अपडेट करत राहायचा, मोठमोठ्या कंपन्यांच्या व्हीपीएनमध्येच भोकं सापडून त्यातून लोक आत गेलेत.

स्टेप ३: कॅमेरा, डीव्हीआर, हजेरीची मशीन

बसवणारा येतो, ड्रिल मारतो, फोनवर चित्र दाखवतो, पैसे घेतो आणि जातो. पासवर्ड कंपनीतून आला तोच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमका याचाच फायदा घेतला, कंपनीतून आलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या घेऊन तो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ठोठावत फिरला, जे उघडले त्यांची फौज केली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या फौजेने डाइन (Dyn) या, साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट्स तासन्‌तास बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही, कॅमेरा चालूच होता ना.

पासवर्ड बदला, डीव्हीआरसाठी उघडलेले पोर्ट बंद करा, आणि जमलं तर या सगळ्या वस्तू राउटरच्या गेस्ट वायफायवर टाका म्हणजे कॅमेऱ्यातून कुणी आलंच तरी टॅलीपर्यंत पोचणार नाही. वायरवाला डीव्हीआर असेल तर नेटवर्कवाल्याला "व्हीलॅन वेगळा करून दे" म्हणून सांगा, त्याला कळतं.

स्टेप ४: चाव्या कुणाकुणाकडे आहेत

आता वहीचं नवीन पान. डावीकडे खाती लिहा: ईमेल, आइसगेट (कस्टमचं पोर्टल), जीएसटी पोर्टल, बँक, टॅली, डोमेन, सर्व्हर, राउटर, शिपिंग लाईन्सची पोर्टलं. उजवीकडे लिहा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे, आणि ओटीपी कुठल्या नंबरवर येतो.

हा ओटीपीचा कॉलम भरताना बऱ्याच जणांना धक्का बसेल. आमच्या एका पोर्टलवर सोडून गेलेल्या पोराचा मोबाईल नंबर होता. पोरगा चांगला, अजून दिवाळीला फोन करतो, पण उद्या तो नंबर त्याने सोडला आणि कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला तर आमचे ओटीपी त्याच्याकडे जाणार. ऑफिसच्या नावावर एक सिम घ्या आणि सगळी पोर्टलं त्यावर आणा.

सगळ्यात आधी ईमेल बळकट करा, कारण बाकी सगळ्यांचे "पासवर्ड विसरलात?" तिथेच येतात. ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि फॉरवर्डिंगचे रूल तपासा. आत शिरलेला माणूस गुपचूप एक रूल लावून ठेवतो की सगळ्या मेल त्यालाही जातील, मग तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो वाचतच राहतो.

एकच पासवर्ड चार ठिकाणी नको. कुठलीतरी शॉपिंग साईट फुटते, तिथली ईमेल-पासवर्डची यादी बाहेर विकली जाते, आणि तीच जोडी बँकेवर, ईमेलवर घालून बघणारे प्रोग्राम आहेत. तुमचा ईमेल अशा यादीत आलाय का ते हॅव आय बीन पोन्ड या साईटवर फुकट बघता येतं.

डीएससी टोकनचं, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राईव्हसारख्या तुकड्याचं, तर मला कळकळीने सांगायचंय. ते शेठची सही आहे. टोकन दिवसभर मशीनला लावून ठेवणं आणि पासवर्ड वर कागदावर चिकटवणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक टेबलावर ठेवण्यासारखं आहे. कुणी रिमोटने त्या मशीनवर आला की त्याला टोकन हातात घ्यायची गरजच नाही, ते लावलेलंच आहे. काम झालं की काढा, ड्रॉवरमध्ये ठेवा, कुलूप लावा. आम्ही वहीत वेळ लिहितो, कुणी घेतलं कुणी ठेवलं.

आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन अकाउंट वापरू नका. साधं अकाउंट असेल तर चुकीची फाईल उघडली तरी नुकसान कमी होतं.

स्टेप ५: मेल, फोन, व्हॉट्सअ‍ॅप

आमच्या धंद्यात अनोळखी माणसाची अटॅचमेंट उघडणं हेच काम आहे, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, अरायव्हल नोटिस. "अनोळखी मेल उघडू नका" हा सल्ला आम्हाला काही कामाचा नाही. मग आम्ही हे ठरवलं:

- फाईलनेममध्ये शेवटी ईएक्सई, जेएस, आयएसओ असेल तर उघडायची नाही. विंडोजमध्ये फाईलचं शेपूट लपवलेलं असतं, फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन ते दिसेल असं करा, नाहीतर पीडीएफचं चित्र लावलेली ईएक्सई ओळखूच येत नाही.
- झिपला पासवर्ड आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, तर पार्टीला फोन करायचा. असं करतात कारण बंद झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही.
- वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावर "एनेबल कंटेंट" विचारलं तर दाबायचं नाही.
- बिलाच्या पानावर बँक खातं बदललं असेल तर पैसे थांबवायचे आणि पार्टीच्या जुन्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर अजिबात नाही.

शेवटचा मुद्दा इम्पोर्टवाल्यांनी भिंतीवर लावा. परदेशातल्या सप्लायरचा मेलबॉक्स फुटलेला असतो, चोर आठवडाभर सगळी बोलणी वाचतो, आणि बरोब्बर पेमेंटच्या दिवशी "आमचं खातं बदललं" अशी मेल येते. मेल आयडी पण डोळ्यांना तोच वाटतो, इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी घातलेले असतात. अकाउंट्सच्या काकांना एकदा अशी मेल आली, त्यांनी फोन लावला, समोरचा म्हणाला आमचं खातं २० वर्षं तेच आहे. तो फोन केला नसता तर एका कंटेनरचे पैसे गेले असते.

फोनवर तर रोज चालू आहे. गॅसचं बिल अपडेट नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार. आरटीओ चलन. लग्नपत्रिका. सोबत एपीके फाईल. पीडीएफ आणि एपीके यातला फरक घरातल्या सगळ्यांना दाखवून द्या, एपीके म्हणजे अ‍ॅप, ते इन्स्टॉल झालं आणि एसएमएसची परवानगी दिली की ओटीपी सरळ चोराकडे जातात. ऑफिसच्या ओटीपीचं सिम असलेल्या फोनवर प्ले स्टोअरशिवाय काहीही टाकायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे.

स्टेप ६: ज्यांना आपण स्वतः आत घेतलं

२७ जून २०१७ मला चांगलाच आठवतो. न्हावा शेव्याला जीटीआय टर्मिनल बंद पडलं, गाड्या अडकल्या, दुसऱ्या दिवशी दिवसभर पार्ट्यांचे फोन, आमचा माल कुठाय. तेव्हा मला फक्त "व्हायरस आलाय" एवढंच माहीत होतं. आता माहितीये तो नॉटपेट्या होता. ते टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्क या जहाजवाल्यांची कंपनी, आणि हा व्हायरस पसरला कुठून तर युक्रेनमधल्या एमईडॉक नावाच्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून, त्याच्या अपडेटमध्येच घुसवलेला होता. लोकांनी नेहमीसारखं अपडेट घेतलं, बस. किव्हमधलं टॅक्सचं सॉफ्टवेअर आणि उरणच्या रस्त्यावर उभे ट्रेलर. मर्स्कला नंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

अपडेट घेऊ नका असा याचा अर्थ नाही, ते घ्यायचंच. वहीत अजून एक पान करा: आपल्याकडे कोण कोण बाहेरून येतं. टॅलीचा सपोर्टवाला, कॉम्प्युटरवाला, डीव्हीआरवाला, हजेरीवाला, वेबसाईटवाला. प्रत्येकासमोर लिहा तो कसा येतो. एनीडेस्कने (दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर "अनअटेंडेड अ‍ॅक्सेस" चालू आहे का बघा, चालू असेल तर तो तुम्ही नसताना पण येऊ शकतो, आणि त्याचा पासवर्ड ज्याला मिळेल तो पण. आमच्या आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच एक पासवर्ड ठेवला होता, म्हणजे एकाकडे फुटलं की सगळ्यांकडे उघडं. आता आम्ही काम असेल तेव्हा चालू करतो, समोर बसतो, झालं की काढून टाकतो.

अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट नावाच्या दुकानांच्या साखळीतून ४ कोटी कार्डांचा डेटा गेला, आणि चोर आले होते एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पण यातच येतं. लॅमिंग्टन रोडवरून मशीन घेताना "सगळं टाकून देतो" म्हणतात त्यात काय काय असतं ते बघून घ्या. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, यातच सगळं आलं.

स्टेप ७: जुनी विंडोज आणि अपडेट

थोडक्यात सांगते. मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा व्हायरस ४४५ पोर्टवरून ज्या भोकातून पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने होते लोकांच्या हातात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. वहीत प्रत्येक मशीनसमोर विंडोज कुठली ते लिहा. एखाद्या जुन्या प्रिंटरसाठी किंवा सॉफ्टवेअरसाठी जुनी मशीन ठेवावीच लागत असेल तर तिची इंटरनेटची वायर काढून ठेवा. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायला विसरू नका, ते कुणीच करत नाही.

स्टेप ८: डोमेन

डोमेन वेबसाईटवाल्याच्या नावावर असेल तर आधी आपल्या नावावर करून घ्या, भांडण झालं तर मेल पण जाते. रिन्यूअलची तारीख वहीत लाल पेनने. आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तीन सेटिंग लावली का विचारा, नाहीतर तुमच्या नावाने कुणीही पार्टीला मेल पाठवू शकतं.

स्टेप ९: बॅकअप, आणि झालंच तर काय करायचं

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक ऑफिसच्या बाहेर आणि वायरपासून तोडलेली. नॉटपेट्याच्या वेळी मर्स्कच्या सगळ्या डोमेन कंट्रोलरचा (नेटवर्कमध्ये कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) डेटा पुसला गेला होता, एकच वाचला, घानातल्या ऑफिसात, कारण त्यावेळी तिथे लाईट गेली होती म्हणून तो नेटवर्कवरच नव्हता. आमच्या काकांच्या पेनड्राईव्हचं पण तेच, तो घरी होता म्हणून वाचला. आता दोन डिस्क आहेत, आठवड्याने अदलाबदल, एक नेहमी ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक फाईल परत आणून उघडून बघतो, उघडलीच नाही तर तो बॅकअप काय कामाचा.

फाईली लॉक झालेल्या दिसल्या तर:

- लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा जातो.
- चिठ्ठीचा फोटो काढा, एकदोन लॉक झालेल्या फाईली बाजूला ठेवा. नो मोर रॅन्सम हा प्रकल्प २०१६ मध्ये डच पोलीस आणि युरोपोल वगैरेंनी सुरू केलाय, काही प्रकारांच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. आमच्या प्रकाराची तेव्हा नव्हती, तुमची असू शकते.
- बॅकअपची डिस्क घाईत लावू नका. आमच्या कॉम्प्युटरवाल्याने पेनड्राईव्ह मागितला होता, काकांनी दिला नाही, म्हणाले आधी मशीन साफ कर.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन, तिथल्या तिथे. जितका लवकर फोन तितकी रक्कम पुढच्या खात्यांमध्ये अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पण होते.
- कंपनी असेल तर सर्ट-इन (सायबर हल्ल्यांचं बघणारी सरकारी संस्था) च्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे आम्हाला माहीतच नव्हतं, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.
- पासवर्ड बदलाल ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

वही परत कधी उघडायची: कुणी नोकरी सोडली की, नवीन मशीन आली की, बाहेरचा माणूस काही बसवून गेला की, आणि काहीच झालं नाही तरी दर तीन महिन्यांनी, मोबाईल डेटावरून ती आयपीची टेस्ट धरून. गेल्या वेळी आमच्याकडे विसावी ओळ निघाली, मीटिंगच्या खोलीत नवीन टीव्ही लावला होता आणि बसवणाऱ्याने तो ऑफिसच्या मुख्य वायफायला जोडून दिला होता. त्याला गेस्टवर टाकलं, लेबल लावलं, नंबर २०.